दुसरी बारी

फवाऱ्याच्या बाटलीतून पाणी आलंच नाही. गोकुळने दोनदा खटका दाबला, मग बाटली कानाशी नेऊन हलवून पाहिली. पाणी तर आत भरपूर होतं. त्याने तोंडाची टोपी फिरवून काढली, दाराच्या उजेडाकडे धरली आणि हसला. "काल दसऱ्याची पूजा केली नं समद्या सामानाची, हळद भरली बघा भोकात. आमच्या घरच्यांची बोटं एकदा चालली की थांबत नायत. कात्रीलाबी सोडलं नाय." आरशाखालच्या फळीवरून टाचणी उचलून त्याने ती भोकात फिरवली, टोकाला आलेला पिवळा कण टॉवेलला पुसला आणि पुन्हा खटका दाबला. बारीक तुषार बद्रीनाथच्या गालावर पडले. दाढी भिजवायचं साधं पाणी ते, पण बद्रीनाथ खुर्चीत असा दचकला की गोकुळने बाटली मागे घेतली आणि पाणी फार गार आहे का म्हणून विचारलं. बद्रीनाथ नाही म्हणाला. आपण कशाने दचकलो हे त्याला अजून नीट कळलं नव्हतं. आरशात त्याचं डोकं काळ्या कलपाने थापलेलं होतं, कपाळावर कलपाचा एक ओघळ आला होता, आरशाच्या चौकटीला कालच्या झेंडूची माळ होती आणि काचेवर कोपऱ्यात हळदीकुंकवाची पाच बोटं उमटलेली होती. तो त्या पाच बोटांकडे बघत राहिला.

मोबाईल मांडीवर, चादरीच्या आत होता. पाचच मिनिटांपूर्वी तो थरथरला होता आणि त्याने कौतुकाने बघून पुन्हा ठेवला होता. 'निघालं,' एवढाच निरोप. आठ वाजून बारा मिनिटं. खाली नाव, दीपमाला. त्यांच्या विमानाचा हा रिवाज बद्रीनाथनेच घालून दिला होता. जो विमान घेऊन उडेल त्याने गटावर 'निघालं' लिहायचं, परत उतरला की 'आलं'. गटाचं नावही त्यानेच ठेवलेलं, 'आपली बारी'. डॉक्टर विश्वजीत त्यावर खूप हसले होते. "बद्री, अरे विमान आहे यार, विहीर नाही." पण कन्नड तालुक्यातल्या माणसाला सामाईक वस्तू म्हटली की विहीरच आठवणार, आणि सामाईक विहीर म्हटली की बारी. सोमवार ते शुक्रवार शाळेची बारी, शनिवार डॉक्टरांची, रविवार बद्रीनाथची. सहा वर्षांपूर्वी जेव्हा त्याने ते चार आसनांचं जुनं विमान विकत घेतलं, तेव्हा सातही वार त्याचे होते. वाळूजला रबरी वॉशर बनवणाऱ्या माणसाने विमान बाळगायचं म्हणजे घरात हत्ती बांधण्यापैकी, हे सगळे सांगत होते आणि तो हसण्यावारी नेत होता. दीड वर्षात हसणं थांबलं. चिकलठाण्याच्या विमानतळावरची उभं करायची जागा, विमा, दरवर्षीची तपासणी, आणि काही न करता नुसतं उभं राहिलं तरी म्हातारं होत जाणारं इंजिन. मग आधी निम्मं विमान डॉक्टरांना दिलं. ते पुरेना, तेव्हा वैमानिक घडवणाऱ्या एका शाळेला आठवड्याचे पाच दिवस भाड्याने. तेव्हा कुठे विमान स्वतःचं पोट भरू लागलं. शाळेचा करार पुढच्याच महिन्यात पुन्हा व्हायचा होता. तो झाला नाही तर विमान विकावं लागेल, इतकं सरळ होतं ते. रात्री झोपताना बद्रीनाथ हे स्वतःला सांगायचा आणि रविवारी सकाळी विसरायचा.

आता त्याने चादरीखालून हात काढून मोबाईल उघडला. 'निघालं'च्या वर कालचे फोटो होते, डॉक्टरांनी टाकलेले. विमानाच्या नाकाला झेंडूचा हार, पंख्याच्या पात्याला लिंबू, चाकाखाली नारळ, शाळेची पोरं आपट्याची पानं हातात घेऊन. चौथ्या फोटोत आई होती. साळूबाई, वय एकोणऐंशी, कन्नडहून मुद्दाम आणलेली, नव्या लुगड्यात, विमानाच्या डाव्या अंगाला दाराच्या पुढे उभी. हातात हळदीकुंकवाची वाटी. कोरडी हळद पत्र्याला धरत नाही म्हणून तिने ती तेलात कालवली होती, घट्ट, जात्याला लावतात तशी. आणि तिने स्वस्तिक काढलं होतं. बद्रीनाथने दोन बोटांनी फोटो मोठा केला. स्वस्तिकाच्या अगदी मधोमध तिचं अंगठ्याशेजारचं बोट टेकलेलं होतं. बोटाखाली काय आहे ते फोटोत दिसत नव्हतं. फोटोची गरजही नव्हती. त्या जागी शर्टाच्या गुंडीएवढी एक चकती आहे आणि चकतीत सुई जाईल एवढं भोक आहे, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. आई काल म्हणाली होती, आत्ता तिचा आवाज त्याला फवाऱ्याच्या पाण्याइतका गार ऐकू आला, "इथं टिंब काढूनच ठिवलंय की रं यांनी. म्हंजे मधली जागा हीच." आणि तिने बोट दाबून, फिरवून, नीट ती जागा भरली होती. ती कधीच काही अर्धवट करत नाही.

त्याने ते पाहिलं होतं. मघाशी तो दचकला तो यानेच, हे पाहिलेलं असण्याने. तो शेजारी तीन हातांवर उभा होता. डॉक्टर त्याच्याशी शाळेच्या कराराबद्दल बोलत होते आणि तो मान हलवत आईच्या बोटाकडे बघत होता. तिथं नको आई, एवढे तीन शब्द होते. पण शाळेची पोरं मोबाईल धरून उभी होती, आईच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की आयुष्यात पहिल्यांदा लेकाची वस्तू तिला समजली आहे, आणि लोकांसमोर तिचा हात धरणं त्याच्या जिवावर आलं. नंतर पुसू, असं त्याला वाटलं. संध्याकाळी त्याने पुसलंही. ओलं फडकं घेऊन स्वस्तिक घासून काढलं, पत्रा पांढरा झाला, चकती चमकली. फडकं त्याने गोल गोल फिरवलं होतं. तेलातली हळद ओल्या फडक्याने गोल पुसली की ती भोकाबाहेर येते की आणखी आत जाते, हे त्याने पाहिलं नाही. बाहेर गाडीत आई बसली होती, तिला लघवीला जायचं होतं, उजेड कमी झाला होता. विमानाच्या वहीत मालकाने लिहायचं होतं, कारण पूजा मालकाने ठेवली होती. त्याने लिहिलं, 'पूजेचे साहित्य काढले. तपासले. सर्व ठीक.' आणि खाली झोकात सही केली. 'तपासले' हा शब्द लिहिताना पेन जरा अडकलं होतं की हे आपल्याला आत्ता सुचतंय, हे त्याला ठरवता येईना.

गोकुळने ब्रश फिरवायला सुरुवात केली. साबणाचा फेस हनुवटीवर चढत गेला. बद्रीनाथने डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण मिटल्यावर त्याला पोरगी दिसली. दीपमाला, एकवीस वर्षांची, बारीक, केस कानामागे घट्ट बांधलेली. हर्सूलच्या जेलमधल्या एका शिपायाची मुलगी. एकदा विमान धुताना तिने त्याला सांगितलं होतं, "काका, मी हर्सूलवरून जाते ना, तेव्हा बाबा ड्यूटीवर असले की वर बघतात. हात नाही करत. ड्यूटीवर हात करायचा नसतो." आज तिची एकटीने दूर जायची पहिली वेळ होती. हर्सूलचं तळं, तिथून कन्नड, कन्नडच्या पुढे घाटाची कड, आणि त्याच वाटेने परत. शेजारच्या आसनावर सर नाहीत. घाटाच्या कडेला या दिवसांत सकाळी धुकं बसतं, पांढरं, सपाट, जमीन कुठे संपली ते कळू देत नाही. अशा वेळी माणूस काट्यांकडे बघतो. आणि काट्यांना जे काही कळतं ते त्या सुईएवढ्या भोकातून येणाऱ्या हवेवरून. भोक मोकळं असलं तर उंचीचा काटा उंची सांगतो आणि वेगाचा काटा वेग. भोक अर्धवट बुजलेलं असलं की काटे उशिरा बोलतात. वर जाताना त्याचं फारसं बिघडत नाही. उतरताना बिघडतं. काटा म्हणतो अजून बरीच उंची आहे, आणि जमीन जवळ आलेली असते. काटा म्हणतो वेग पुष्कळ आहे, म्हणून पोरगी वेग आणखी कमी करते, आणि मग विमान उडायचं सोडून देतं. बद्रीनाथला हे परीक्षेपुरतं पाठ होतं. त्यावर काय करायचं तेही पाठ होतं. समोरच्या फळीखाली एक छोटा खटका असतो, तो ओढला की काटे बाहेरची हवा सोडून आतली हवा घेतात आणि खरं बोलू लागतात. एक खटका. तिच्या सरांना, ऋतुराजला, एक फोन केला की तो रेडिओवर तिला सांगेल, दीपमाला, खटका ओढ. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

अर्ध्या मिनिटाच्या त्या कामाभोवती त्याचं मन घिरट्या घालू लागलं. ती उडण्याआधी सगळं तपासतेच की. छापील यादी असते, त्यात ते भोक असतं. तिने बोट फिरवून पाहिलं असेल, हळद दिसली असेल, टाचणीने काढली असेल, गोकुळने काढली तशी. पण ती यादी कशी तपासली जाते हे त्याला ठाऊक होतं, कारण तो स्वतः तशीच तपासत आला होता. विमान एकट्याचं होतं तेव्हा तो प्रत्येक खिळ्याला हात लावायचा. विमान तिघांचं झालं आणि हात आपोआप भरभर चालू लागला. काल डॉक्टरांनी पाहिलंच असेल. परवा शाळेच्या मेकॅनिकने पाहिलंच असेल. त्याला आठवलं, विमान भाड्याने दिल्यावर पहिल्या रविवारी तो आत बसला तेव्हा आसन पुढे सरकवलेलं होतं, कुणा आखूड पायांच्या माणसाच्या मापाने, आणि आत कसल्याशा गोड तेलाचा वास होता. त्याला वाईट वाटलं होतं, आपल्या गादीवर कुणी झोपून गेल्यावर वाटेल तसं. पण त्याचबरोबर, हे तो कुणाला बोलला नव्हता, त्याला हलकंही वाटलं होतं. चला, आता सगळं आपल्याच डोक्यावर नाही. आणि आज त्या पोरीने सकाळी वही उघडली असेल तेव्हा तिला काय दिसलं असेल, तर मालकाच्या अक्षरात 'तपासले. सर्व ठीक.' ज्याचं विमान, त्यानेच पाहिलंय म्हटल्यावर तिने बोट कशाला फिरवावं.

वस्तरा कानाखाली टेकला. "हलू नका साहेब," गोकुळ म्हणाला. बद्रीनाथ हललेला नव्हता, त्याच्या गळ्याची शीर उडत होती. गोकुळने वस्तरा उचलून वाट पाहिली. "बीपी बघून घ्या एकदा," तो सहज म्हणाला, "सणाचं खाणं असतंय." फोन करायचाच, बद्रीनाथने ठरवलं. पण डोक्याला कलप, तोंडाला फेस, असा कुठे फोन करणार. हे कारण इतकं हास्यास्पद होतं की त्याची त्यालाच लाज वाटली, आणि तरी ते खरं होतं, तो त्याच कारणावर टेकून बसला होता. खरं कारण त्याच्या मागे होतं. फोन केला की ऋतुराज विचारणार, कशावरून वाटतं तुम्हाला? मग पूजा, मग आई, मग वही. मालकाने न बघता सही केली. हे लिहून वर जाणार. विमान उभं राहणार, करार जाणार, बद्रीनाथचं स्वतःचं उडणंही बहुतेक जाणार. आणि भोक साफ निघालं तर? तर हे सगळं फुकट. नुसत्या फवाऱ्याच्या बाटलीवरून.

आई बोट फिरवत होती तेव्हा ज्या आवाजात त्याने स्वतःशी 'नंतर पुसू' म्हटलं, तो आवाज त्याच्या वडिलांचा होता. हे त्याला एकदम कळलं आणि खुर्चीचे हात त्याने घट्ट धरले. कडुबा, त्याचे वडील, उंच, अबोल माणूस. कन्नडच्या अलीकडे त्यांची विहीर होती, त्यांची आणि चुलतभावांची सामाईक. आठ तास यांची बारी, आठ तास त्यांची. बद्रीनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. पहाटे वडील मोटर बंद करायला गेले, तोही कंदील घेऊन मागे. पाइपाला बांधलेली वायर एका जागी उंदरांनी कुरतडली होती, तांबं उघडं पडलं होतं, पाण्यापासून हातभर वर. वडिलांनी कंदील खाली धरून ते नीट पाहिलं. बद्रीनाथनेही पाहिलं. मग वडील म्हणाले, "आता बारी त्यांची हाय. बघतील ते." त्या आवाजात राग नव्हता, दुष्टावा तर नव्हताच. होता तो नुसता कंटाळा, आणि चुलतभावाशी धरलेला अबोला. सकाळी चुलत्यांचा सालगडी धोंडिबा विहिरीत उतरला, फूटव्हॉल्वला अडकलेला पाला काढायला, आणि सुखरूप वर आला. पायरीवर बसून हात चोळत तो हसला होता. "हाताला मुंग्या आल्या जरा. माझंच अंग वलं व्हतं, म्हून आसंल." वडील बांधावर होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला, हे पोराने पाहिलं. काही झालं नाही ना, मग झालं. आणि संध्याकाळी धोंडिबा पुन्हा उतरला.

त्याला बाहेर काढला तेव्हा त्याचा उजवा हात मुठीत वळलेला होता आणि तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही. गाव जमलं. चुलते रडत होते, आपल्या बारीत झालं म्हणून. वडील पुढे होऊन सगळं करत होते, खाट, कापड, धोंडिबाच्या बायकोला धान्य. वायरीबद्दल ते कुणाला बोलले नाहीत. बद्रीनाथही बोलला नाही, पंचेचाळीस वर्षांत कधीच नाही, आईलासुद्धा नाही. त्यानंतर तो विहिरीच्या काठाशी गेला नाही. खाली बघायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. लोक म्हणायचे, विमान उडवणारा माणूस आणि विहिरीला भितो. त्याला वाटायचं, म्हणून तर वर जातो. सहा वर्षांपूर्वी घाटीच्या दवाखान्यात वडील गेले, विमान घेतलं त्याच वर्षी. शेवटचे दोन दिवस त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण दर थोड्या वेळाने ते उशाशी हात चाचपत विचारायचे, "मोटर बंद केली का रे?" आईला वाटायचं, शेताची काळजी. बद्रीनाथ दर वेळी व्हय म्हणायचा आणि त्यांचा हात चादरीत घालायचा.

आठ वाजून एकेचाळीस. आता ती घाटाच्या कडेवरून वळली असेल. त्याने फेसाळ तोंडाने गोकुळला थांबायला सांगितलं, चादर बाजूला केली, आणि दुकानाच्या दारात येऊन फोन लावला. समोर छावणीचा बाजार उघडत होता, कालच्या झेंडूचे ढीग रस्त्याकडेला कुजायला लागले होते, एक बाई ते खराट्याने लोटत होती. दोन रिंगा झाल्या. "बोला बद्रीसर," ऋतुराज म्हणाला. मागे वाऱ्याचा आवाज, म्हणजे तो बाहेर उभा होता, आकाशाखाली. त्याचा आवाज इतका निवांत होता, इतका सकाळचा, की त्यात ही गोष्ट टाकणं म्हणजे भरल्या ताटात माती टाकण्यासारखं वाटलं. बद्रीनाथने तोंड उघडलं. ओठावरचा फेस आत गेला, कडू. "सर?" "काय नाय," बद्रीनाथ म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून ऐकू आला. "काल गडबडीत तुम्हाला सोनं द्यायचं राहिलं. दसऱ्याच्या शुभेच्छा." ऋतुराज हसला, म्हणाला, "तुम्हालाही सर. आईंना नमस्कार सांगा, पोरं अजून त्यांचंच बोलताहेत." आणि फोन बंद झाला. बद्रीनाथ तसाच उभा राहिला. शर्टाच्या खिशात आपट्याचं एक सुकलेलं पान होतं, ते त्याने चुरून टाकलं. आपण आत्ता काय केलं हे त्याला स्पष्ट कळत होतं, आणि कळूनही हात पुन्हा फोनकडे जात नव्हता. भीतीने माणूस पळतो असं म्हणतात. तो पळत नव्हता. तो परत जाऊन खुर्चीत बसला आणि त्याने मान मागे टाकली.

पुढची वीस मिनिटं त्याने ऐकण्यात काढली. रिक्षा, कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी टीव्हीवरची आरती, लष्करी गाडीचा घरघराट. प्रत्येक घरघर त्याला विमानाची वाटायची. विमान छावणीवरून जात नाही, ते उत्तरेकडून येतं, हर्सूलवरून, हे माहीत असून तो छताकडे बघत होता. एका शिपायाने आत्ता वर पाहिलं असेल. किंवा तो बघत उभा असेल आणि वर काही येत नसेल. ड्यूटीवर हात करायचा नसतो. मग मान खाली घालून तो घड्याळ बघेल. बद्रीनाथला त्या माणसाचा चेहरा माहीत नव्हता, म्हणून त्या जागी धोंडिबाच्या बायकोचा चेहरा येत होता, धान्याचं पोतं दारात उतरवून घेताना कुणाकडेच न बघणारा. कलपाने टाळू चुरचुरत होती. गोकुळ काहीतरी बोलत होता, त्याच्या मेव्हण्याच्या गाडीबद्दल, आणि बद्रीनाथ योग्य जागी हुंकार देत होता. एक हिशोब मात्र त्याच्या मनात एकसारखा चालू होता आणि तो थांबवता येत नव्हता. काही झालंच तर कळेल का कुणाला? हळद ती केवढी. जळून जाईल. हा विचार त्याने केला, पूर्ण केला, आणि मग आरशातल्या त्या काळं टोपडं घातल्यासारख्या डोक्याच्या माणसाकडे त्याला बघवेना.

नऊ वाजून तीन मिनिटांनी मांडीवर मोबाईल थरथरला. त्याने तो लगेच पाहिला नाही.

'आलं,' दीपमालाने लिहिलं होतं.

छातीतून इतका मोठा श्वास बाहेर पडला की गोकुळ वळून बघू लागला. आली. उतरली. सुखरूप. डोळ्यांत पाणी आलं, ते कलपाचं नव्हतं. बद्रीनाथ हसला, गोकुळला म्हणाला, "धू बाबा आता डोकं, लई चुरचुरायलंय." अंग सैल पडलं. संध्याकाळी हँगरवर जाऊ, टाचणी घेऊन जाऊ, कुणाला काही सांगायची गरज नाही. काही झालं नाही ना, मग झालं. आणि हे शब्द मनात उमटले त्याच क्षणी ते आधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिले होते ते त्याला आठवलं. बांधावर, सकाळी, धोंडिबा पायरीवर हात चोळत असताना. मोबाईल पुन्हा थरथरला. दीपमालाचंच होतं, थोडं लांब. 'उतरताना उंचीचा काटा मागे मागे राहत होता काका. काटा दाखवत होता त्याच्यापेक्षा जमीन जवळ आली, जरा घाबरले. माझंच काहीतरी चुकलं असेल. पुढच्या वेळी नीट करीन.' त्याच्या खाली, अर्ध्या मिनिटात, शाळेच्याच एका पोराचं, सुयशचं. 'आता माझी बारी. कन्नडलाच. दहा मिनिटांत निघतो.'

गोकुळ गरम पाण्याचा तांब्या घेऊन आला तेव्हा साहेब खुर्चीत नव्हते. ते बाहेर पायरीवर उभे होते, गळ्यात चादर तशीच, कानाखाली वाळलेला फेस, आणि कपाळावरून कलपाचा काळा ओघळ भुवईपर्यंत उतरलेला. खराटा घेतलेली बाई हात थांबवून बघत होती. फोन लागला होता.

"ऋतुराज सर, विमान सोडू नका," बद्रीनाथ म्हणाला. "सुयशला खाली उतरवा. डाव्या बाजूचं हवेचं भोक बंद हाय. हळद भरलीय त्यात. त्या पोरीचं काय चुकलेलं नाय, तिला तसं सांगा आधी."

पलीकडे ऋतुराज कुणावर तरी ओरडला, थांब, इंजिन बंद कर. धावल्याचे आवाज आले. बऱ्याच वेळाने तो परत फोनवर आला, धापा टाकत. "पाहिलं. खरंच भरलंय. सुई लागेल काढायला." मग अगदी शांतपणे त्याने विचारलं, "सर, तुमच्या हे लक्षात कधी आलं?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. आत्ता तिचा निरोप वाचला तेव्हा. कुणालाही पटलं असतं, आणि त्यात फार खोटंही नव्हतं. बद्रीनाथने समोर पाहिलं. मग तो त्या पायरीच्या खाली बघत राहिला, जणू पुढे रस्ता नसून काठ आहे.

"काल," तो म्हणाला. "आईनं बोट लावलं तवा मी शेजारीच व्हतो. वहीत लिहिलं तवा बघितलं नव्हतं. आणि मघाशी तुम्हाला फोन केला, तो त्याच्यासाठीच केला व्हता."

पलीकडे खण उघडल्याचा, वही टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "हे मला लिहावं लागेल सर," ऋतुराज म्हणाला. "तुमच्या नावाने. आम्ही तुम्हाला बद्रीसरच म्हणतो, पूर्ण नाव सांगा."

"लिहा," बद्रीनाथ म्हणाला. "बद्रीनाथ कडुबा मोकासे." आणि पेन चालल्याचा आवाज येईना, तेव्हा त्याने मधलं नाव पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.